लाव्हाच्या यादीतलं शेवटचं गाव

शुक्रवार : येळ्ळूर, देसूर

पितृपक्ष लागला की बेळगावात भाड्याची गाडी पटकन मिळते. लग्नं नाहीत, वास्तुशांती नाही, दसऱ्याची धावपळ अजून लांब. भाची धारवाडच्या विद्यापीठात भूशास्त्र शिकते. सुट्टीला आली होती आणि आपल्याच जिल्ह्यातले दगड तिला नीट बघायचे होते. काकांना कळलं तसे तेही पिशवी भरून तयार. काकांची सगळी हयात बोअर मारण्यात गेली, इकडे खानापूर तर तिकडे रायबाग. जमिनीच्या पोटात तीनशे फुटांवर काय आहे हे त्यांना पुस्तकावाचून ठाऊक. भाचीकडं हातोडा, भिंग आणि फोनमधला भूशास्त्रीय नकाशा होता. काकांकडं पानाचा डबा.

येळ्ळूरच्या शिवारात बासमती पोटरीला आलेला. वारा आला की सगळं शिवार एका अंगाला झुकत होतं. राजहंसगडाचा चढ सुरू झाला तशी माती बदलली, काळपट होती ती तांबडी झाली. गडावर शिवरायांचा पुतळा झाल्यापासून माणसांची वर्दळ वाढलीय. सिद्धेश्वराच्या देवळात दर्शन घेतलं आणि तटावर जाऊन बसलो. इथं आलेला प्रत्येक जण किल्ला कुणाचा होता ते सांगतो. हा डोंगर कशाचा, ते विचारणारा कुणी भेटत नाही. मीही आजवर विचारलं नव्हतं.

उतरताना रस्त्यासाठी कापलेल्या कडेला भाची थांबली. वर तांबडा जांभा, मग भुसभुशीत मुरूम आणि तळाला काळा दगड. काकांनी मुरुमाच्या भिंतीवर हात फिरवला.

"वर चिरा, खाली मुरूम, मुरुमाखाली मांजऱ्या दगड, मग काळा पाषाण. पाषाणात शंभर-दीडशे फूट गेलं की लाल पट्टा येतोय. त्यातच पाणी सुटतं. खरं पट्टा ढासळतोय, केसिंगचा पाइप टाकला नाही तर बोअर गेलीच."

"आजोबा, तो लाल पट्टा म्हणजे त्या काळातली जमीन," भाची म्हणाली. "एक लाव्हा येऊन थंड झाला. मग मध्ये बराच काळ काही आलं नाही. वरचा थर पावसा-उन्हानं कुजला, त्याची माती झाली. तिच्यावर पुढचा तापलेला लाव्हा आला आणि माती भाजून लाल झाली."

काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे आम्ही पाणी काढलालोय ते भाजक्या मातीतनं?"

"मातीतनं, आणि लाव्हाच्या डोक्यावरच्या पोकळ दगडातनं. गॅसचे बुडबुडे राहिलेत ना त्यात."

दख्खनचा लाव्हा शंकूसारख्या ज्वालामुखीतून उडालेला नव्हे. जमिनीला मैलोन् मैल भेगा पडल्या, त्यातून तो पातळ रस उतू आला आणि पसरत गेला. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीची गोष्ट. यातला बहुतेक लाव्हा दहा लाख वर्षांच्या आत बाहेर पडला, आणि आज त्याचं जे काही उरलंय तेच सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे. तेव्हा आपली भूमी इथं नव्हतीच. भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता, उत्तरेकडं सरकत होता, आणि सरकता सरकता तो भूगर्भातल्या एका तप्त जागेवरून गेला. ती जागा अजून जिवंत आहे. मादागास्करच्या पूर्वेला रियुनियन नावाचं बेट आहे, तिथला पिटॉन द ला फुर्नेज हा ज्वालामुखी आजही वरचेवर पेटतो. बेळगावपासून ते बेट साडेचार हजार किलोमीटरवर असेल. भारत पुढं निघून आला तशी त्या जागेनं समुद्राच्या तळावर एक रांग मागं ठेवली. लक्षद्वीप, मालदीव, चागोस ही त्याच रांगेवरची बेटं.

देसूर रेल्वे स्टेशनवर पोचलो तेव्हा दुपार झाली होती. फलाटाच्या पलीकडं चिंचेखाली बसून भाकरी सोडली. देसूर म्हटलं की बेळगावकराच्या डोळ्यापुढं येतं ते हे आडबाजूचं स्टेशन, बाकी काही नाही. भाचीनं वहीत एक यादी लिहिलेली होती, ती वाचून दाखवली. दख्खनच्या लाव्हाचे जे गट शास्त्रज्ञांनी पाडलेत ते खालून वर असे : जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर, पन्हाळा आणि देसूर.

मी तिच्याकडून परत एकदा वाचून घेतली. देसूर म्हणजे हेच का, असं विचारलं. हेच. परदेशातला भूशास्त्रज्ञ दख्खनवर प्रबंध लिहायला बसला की त्याला जव्हारपासून सुरुवात करून देसूरला येऊन थांबावं लागतं. सबंध यादीत कर्नाटकातलं गाव हे एकच. सीमेवरून आमच्याकडं पिढ्या वाद घालण्यात गेल्या, पण या यादीवर अजून कुणी मोर्चा काढलेला नाही.

सगळ्यांत वरचा थर दक्षिणेच्या टोकालाच का? लाव्हाचे हे थर सपाट वाटतात, पण सह्याद्रीच्या या भागात ते दक्षिणेकडं किंचित कललेले आहेत. नाशिककडं जुने थर उघडे पडलेत आणि जसजसं दक्षिणेला यावं तसे नवे भेटत जातात. शिवाय भारत उत्तरेला सरकत असल्यानं लाव्हा ओतण्याचं ठिकाण देशाच्या मानानं दक्षिणेकडं येत गेलं. डोळ्यांना मात्र यातलं काही कळत नाही. पन्हाळ्याचा दगड काळा, देसूरचाही काळा. फरक निघतो तो प्रयोगशाळेत, टायटॅनियम, बेरियम, स्ट्रॉन्शियम किती आहे यावरून. काकांना हे पटलं नाही.

"फरक बोअरच्या बिटला कळतोय," ते म्हणाले. "एका दगडात तासाला किती फूट जातोय, त्यावर सगळं."

जवळच्या एका बंद खाणीत उतरलो. दगडाला उभ्या भेगा, तळं आटल्यावर चिखल तडकतो तशा, पाच-सहा बाजूंच्या. कारणही तेच, फक्त इथं आकसला तो थंड होणारा लाव्हा. वरचा जांभा मात्र फार पुढचा. बसाल्टवर, म्हणजे या काळ्या दगडावर, लाखो वर्षं पाऊस आणि ऊन आळीपाळीनं पडत राहिलं, सिलिका धुऊन गेली, लोखंड आणि ॲल्युमिनियम मागं राहिलं. लोखंड जास्त उरलं तिथं जांभा, ॲल्युमिनियम जास्त उरलं तिथं बॉक्साइट. यमनापूरला १९६९ पासून इंडालचा, आता हिंडाल्कोचा, कारखाना आहे तो याच्याच जिवावर. त्याचं बॉक्साइट कोल्हापूर जिल्ह्यातल्या सड्यांवरून ट्रकनं यायचं. लहानपणी त्या तांबड्या ट्रकांच्या धुळीला आम्ही नावं ठेवायचो. तो दख्खनचा लाव्हाच होता, सिलिका जाऊन उरलेला.

शनिवार : जांबोटी, कणकुंबी

सकाळी खानापूरच्या अलीकडं ऊन होतं. जांबोटीच्या पुढं रस्ता जंगलात शिरला आणि काच पुसायची वेळ आली. कणकुंबीत पोचलो तर समोरचं माऊलीचं देऊळही धुक्यात. हॉटेलवाल्यानं चहा देताना सांगितलं, "आज उघडीप हाय." त्याच्या अंगावर इरलं नव्हतं एवढाच त्या उघडिपीचा पुरावा.

बेळगावला वर्षाकाठी साधारण १३०० मिलिमीटर पाऊस होतो. कणकुंबीला त्याच्या तिप्पट-चौपट. आणि त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला अथणीत पाचशे-सहाशे. एकाच जिल्हाधिकाऱ्याच्या टेबलावर एका तालुक्याचा पुराचा आणि दुसऱ्याचा दुष्काळाचा कागद एकदम येतो तो यामुळं. अरबी समुद्रावरून आलेला ओला वारा गोव्याच्या किनारपट्टीवरून येऊन सह्याद्रीच्या कड्याला धडकतो. पुढं जायला वाट नाही म्हणून वर चढतो. वर हवेचा दाब कमी, त्यामुळं हवा फुगते आणि फुगताना थंड होते. कोरडी हवा किलोमीटरला दहा अंशांच्या आसपास थंड होत जाते. वाफेचे थेंब व्हायला लागले की थेंबांनी सोडलेल्या उष्णतेमुळं हा वेग पाच-सहा अंशांवर येतो. समुद्रावरच काठोकाठ भरलेल्या हवेला एवढंही खूप झालं. सगळा भार ती कड्यावर टाकते. पुढं पठारावर उतरताना तीच हवा दाबली जाते, तापते, आणि तिच्यातले ढग विरतात. अथणीवरून ढग जाताना दिसतात, पडत नाहीत, असं तिकडचे लोक म्हणतात त्यात काही खोटं नाही.

माऊलीच्या देवळाशेजारी मलप्रभेचा उगम आहे. कुंडातलं पाणी ओंजळीत घेतलं. इथून अरबी समुद्र पन्नासेक किलोमीटरवर, पण हे पाणी तिकडं बघतसुद्धा नाही. ते पूर्वेला निघतं, तीनशे किलोमीटरवर कूडलसंगमात कृष्णेला मिळतं आणि बंगालच्या उपसागराला जाऊन पोचतं. आणि याच डोंगरांत, याच खानापूर तालुक्यात उगवलेली म्हादई पश्चिमेला वळते, ऐंशीएक किलोमीटरात गोव्यातून समुद्राला मिळते. म्हादईला मिळणाऱ्या कळसा नाल्याचं पाणी मलप्रभेत वळवायला खोदलेला कालवा इथंच गावालगत आहे. म्हादई लवादानं १४ ऑगस्ट २०१८ ला निवाडा दिला, १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) कर्नाटकाला, तरी भांडण मिटलेलं नाही. पाणलोटाची रेघ इथं इतकी बारीक आहे की एखाद्या घराच्या छपराच्या एका पाखीचं पाणी गोव्याला जावं आणि दुसऱ्या पाखीचं आंध्रला.

दुपारी चोर्ल्याच्या बाजूला कड्यापर्यंत गेलो. अर्धा तास पांढऱ्या भिंतीपुढं उभे. मग वाऱ्यानं धुकं फाडलं आणि खाली एकदम दरी दिसली, हिरवीगार, तळ न लागणारी. आमच्यामागं मात्र जमीन जवळपास सपाट. भाचीचं म्हणणं, सह्याद्रीला डोंगररांग म्हणणंच चुकीचं, ही पठाराची मोडलेली कड आहे. मला ते लगेच पटलं, कारण बेळगावहून इथवर येताना आम्ही काही चढलोच नव्हतो.

मोडली कशी, तर लाव्हा ओतून होतो न होतो तोच भारताच्या पश्चिमेचा एक तुकडा सुटला. सुमारे ६ कोटी ३० लाख वर्षांपूर्वी सेशेल्स भारतापासून अलग झालं, मध्ये समुद्र पसरत गेला. त्या बाजूची जमीन खचली आणि उघडी पडलेली कड पावसानं पोखरत पोखरत आत पूर्वेला आणली. मादागास्कर त्याच्या कितीतरी आधी, ८ कोटी ८० लाख वर्षांच्या सुमाराला गेलेलं. भारतीय भूपट्ट तेव्हा वर्षाला पंधरा सेंटिमीटरहून जास्त वेगानं उत्तरेला चाललेला. आशियाला टेकल्यावर वेग मंदावला, आता पाच सेंटिमीटरच्या आसपास आहे. हिमालय अजून वर येतो तो त्या रेट्यानं.

"मग आपल्याकडं पण तो रेटा येतोय?" काकांनी विचारलं.

"येतो ना. त्याचंच रात्री बोलू," भाची म्हणाली. जळवा चढायला लागल्या होत्या.

मुक्कामाला खानापूरला आतेबहिणीकडं आलो. चिऱ्याचं घर, वर खानापुरी कौलं. खानापूरची माती भांड्यांना आणि कौलांना नामी, म्हणून तर खादी ग्रामोद्योगाची कुंभारकामाची संस्था इथं आली. जेवणं झाली आणि वीज गेली. अंधारात काकांनी कोयनेचा विषय काढला.

११ डिसेंबर १९६७, पहाटेचे चार वाजून गेलेले. काका तेव्हा शाळेत होते, शहापूरच्या घरात माजघरात झोपलेले. "आधी फळीवरची भांडी नुसती किणकिणली. मला वाटलं मांजर. आई उठून चिमणी लावायला गेली, आणि मग जे हललं म्हणतीस, लोटके खाली आले धडाधडा. दोन्हींच्या मधी आईचं एक 'अगं बाई' म्हणून उठून उभं राहण्याइतका वेळ होता."

भाचीनं अंधारातच आकडेमोड केली. भूकंपातून दोन तऱ्हेच्या लाटा निघतात. पहिली दाबत-ताणत येणारी, वेगवान, सेकंदाला सहा-सात किलोमीटर. दुसरी आडवी हलवणारी, तिच्यापेक्षा बरीच सावकाश, पण मोडतोड जास्त करणारी. दोहोंत जेवढे सेकंद जातील त्यांना आठानं गुणलं की भूकंप किती किलोमीटरवर झाला त्याचा अंदाज येतो. कोयना बेळगावपासून पावणेदोनशे किलोमीटरच्या आतबाहेर. म्हणजे वीसएक सेकंद. आईनं उठून चिमणीपर्यंत जायला पुरेसे. काका यावर खूश झाले. इतक्या वर्षांत त्यांची ही आठवण कुणी मोजली नव्हती.

कोयनेचा भूकंप ६.३ रिश्टरचा धरतात. पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. धरणात पाणी भरायला लागलं १९६२ ला आणि लहान धक्के त्यानंतर वाढले. पाण्याच्या वजनानं भूकंप झाला असं आपण सहज म्हणतो, पण खरी गोम वजनात नाही. खोल दगडात जुन्या भेगा असतात, त्यांच्या दोन बाजू घर्षणानं एकमेकींना धरून असतात. वरून पाणी झिरपलं की भेगेतला दाब वाढतो, पकड सैल होते, आणि हिमालयाकडून आलेला साठलेला ताण एकदम सुटतो. ताण आधीचाच, पाण्यानं फक्त खिट्टी काढली. कोयनेत पुढं शास्त्रज्ञांनी तीन किलोमीटर खोल छिद्र घेतलं, तेव्हा सुमारे साडेबाराशे मीटर बसाल्ट ओलांडल्यावर थेट ग्रॅनाइट-नाइस, म्हणजे तळाचा जुना कठीण दगड लागला.

"तीन किलोमीटर? बिट कुठलं वापरलं?" हा काकांचा एकच प्रश्न. भाचीला उत्तर आलं नाही.

मग किल्लारी निघालीच. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या आधी, ६.२. आकडा कोयनेच्याच तोडीचा, पण माणसं गेली दहा हजारांच्या घरात. तिथं घरांना हात-दीड हात जाडीच्या, मातीत रचलेल्या ओबडधोबड दगडी भिंती होत्या आणि माथ्यावर मातीचं धाबं. भिंती फुगून सुटल्या आणि धाबं झोपलेल्या माणसांवर आलं. भूकंपापेक्षा घरांनी माणसं मारली हे वाक्य ऐकून ऐकून गुळगुळीत झालंय, तरी किल्लारीपुरतं ते शब्दशः खरं आहे. २००२ च्या भूकंप-नकाशात बेळगाव तिसऱ्या क्षेत्रात आहे, कोयना चौथ्या. तिसरं क्षेत्र म्हणजे बिनघोर नव्हे. आमच्या गल्लीत गेल्या दहा वर्षांत उठलेल्या इमारतींपैकी कितींच्या तळमजल्यावर नुसते खांब उभे करून गाड्या लावल्यात, ते मी मनात मोजायला लागले आणि सोडून दिलं.

रविवार : हलशी, लोंढा

दिवसभर पाऊस. हलशीला कदंबांच्या काळचं भूवराह-नरसिंहाचं देऊळ आहे. वराहानं उचललेली पृथ्वी बघून पुजाऱ्यांनी भाचीला विचारलं, तुम्ही लोक हे मानता का? तिनं नमस्कार केला आणि म्हणाली, "गुरुजी, जमीन वर उचलली जाते हे तर आम्हीही शिकवतो." गुरुजी हसले, प्रसाद जरा जास्त दिला.

लोंढ्याकडं जाताना लाव्हा संपला. पाटी नाही, कमान नाही. कापलेल्या कडेला काळा आडवा दगड होता, पुढच्या वळणांवर करड्या-हिरवट पात्यांचा दगड आला आणि ती पाती उभी. लाव्हा कसा पडला तसाच पडून राहिलाय. हा धारवाडी दगड मात्र कधीतरी चेपला गेला, दुमडला, उभा राहिला. वय अडीचशे कोटी वर्षांच्या पुढं. त्यानं जो डोंगर उचलला असेल तो झिजून भुईसपाट झाला, त्यालाही युगं लोटली, आणि त्यानंतर दख्खनचा लाव्हा आला. पावसात एवढंच बघून झालं. भज्यांची गाडी बंद होती.

सोमवार : गोकाक

बेळगावहून उत्तर-पूर्वेला निघालं की झाडी विरळ होते, ऊस दिसायला लागतो, माती काळी कुळकुळीत. अंकलगीच्या पुढं काळ्या रानातून तांबूस-पिवळ्या दगडाच्या टेकड्या डोकं काढतात. हे तिसरंच प्रकरण. ना लाव्हा, ना धारवाडी दगड. वाळू दाबून झालेला दगड, कलादगीचा. बागलकोट जिल्ह्यातल्या कलादगी गावावरून त्याला हे नाव पडलं. रॉबर्ट ब्रूस फूट या सर्वेक्षण खात्याच्या माणसानं घोड्यावरून हा मुलूख पालथा घातला आणि १८७६ मध्ये त्याचा वृत्तांत छापला. आमच्या भागाला त्यानं शीर्षकात 'साउथ मराठा कंट्री' म्हटलंय, तेव्हाचा रिवाजच तो.

गोकाकचा धबधबा आवाजानं आधी कळतो. घटप्रभा रुंद खडकावरून पसरत येते आणि ५२ मीटर खाली कोसळते, घोड्याच्या नालेसारख्या कड्यावरून. पाणी गढूळ, तांबडं-काळं मिसळलेलं. वरच्या खोऱ्यातला बसाल्ट आणि जांभा दोन्ही त्यात होते. झुलत्या पुलावर आता जाऊ देत नाहीत ते एक परीनं बरंच. पलीकडं १८८५ ची सूतगिरणी, आणि पडत्या पाण्यावर इथं १८८७ मध्ये वीज तयार झाली. चालुक्यकालीन महालिंगेश्वराच्या देवळामागून कड्याचा छेद छान दिसतो. वरचा थर कठीण, पाणी तो सहजासहजी कापू शकत नाही. खालचे थर त्या मानानं कच्चे, भोवऱ्यात पोखरले जातात. वरच्याचा आधार सुटला की शिळा निखळते आणि धबधबा वीतभर मागं सरकतो. घळीच्या तळाला पडलेल्या त्या शिळाच त्याच्या जुन्या जागा सांगतात.

भाची खडकावर ओणवी झाली होती. तिनं हाक मारली. दगडावर लाटांच्या ओळी, बोटाच्या जाडीच्या, एकीमागं एक. कलादगीच्या वालुकाश्मात या ठिकठिकाणी दिसतात. उथळ पाणी वाळूवरून पुढं-मागं होत होतं त्याच्या त्या खुणा. शंभर कोटी वर्षांच्या आसपासच्या, काही थर त्याहूनही जुने. तेव्हा जमिनीवर झाड नव्हतं, गवत नव्हतं. पाण्यात सूक्ष्म जीव होते, त्यांनी रचलेले पापुद्रे याच कलादगीच्या चुनखडीत दगड होऊन राहिलेत. काकांनी चप्पल काढली आणि त्या ओळींवरून पाय फिरवला.

"हा गारेचा दगड लागला की मी शेतकऱ्याला आधीच सांगायचो, बाबा रे, पैसे वाया घालवू नको. बिटची बटणं एका दिवसात बोथट. वर काळा दगड, त्याच्याखाली एकदम ही पांढरी पावडर. मधलं काय गेलं, कळायचंच नाही."

मधलं खरंच गेलेलं असतं. काळा लाव्हा सहा-सात कोटी वर्षांचा, त्याला चिकटून खाली हा शंभर कोटींचा. मधल्या नव्वदएक कोटी वर्षांचा एक कागदही शिल्लक नाही. जे साचलं असेल ते झिजून गेलं. आणि कलादगीच्या तळाला ग्रॅनाइट-नाइस किंवा धारवाडी दगड लागतो, तिथं याहून मोठी फट. काकांनी हे दोन्ही सांधे बोअरच्या तोंडाशी उडणाऱ्या पावडरीत शेकडो वेळा बघितले, रंग बदलला की मशीनवाल्याला ओरडून सांगितलं, आणि त्या बदलण्याला भूशास्त्रात विसंगती म्हणतात हे त्यांना आज कळलं. त्यांना शब्द आवडला नाही. "आमी 'दगड पलटला' म्हणतोय," ते म्हणाले. माझं मत काकांच्या बाजूनं.

गोकाक गावात करदंट, इथली सुक्या मेव्याची मिठाई, घ्यायला थांबलो. दुकानदार कानडीत २०१९ चं सांगत होता. त्या ऑगस्टमध्ये घाटावर पाऊस थांबेना, हिडकल धरणातून पाणी सोडावं लागलं, लोळसूरचा पूल पाण्याखाली गेला आणि गोकाकच्या पेठेत होड्या फिरल्या. इथं स्वतःचा पाऊस तो केवढासा. पूर येतो तो सव्वाशे किलोमीटरवरच्या घाटातला.

दुपारी तीनला पश्चिमेला नव्हे, पूर्वेला ढग उठला. मान्सून परतीला लागला की वारे मंदावतात, जमीन तापते, आणि पठारावर दुपारनंतर असे एकेकटे ढग उभे राहतात. कणकुंबीचा ढग आडवा पसरलेला, दिवसभर झिरपणारा. हा उभा, दहा-बारा किलोमीटर उंच, माथा ऐरणीसारखा चपटा. तिथवर हवा चढते आणि वर स्थिर हवेचा थर लागला की आडवी पसरते. आतल्या गारा आणि बर्फाचे कण घासून वीज साठते. वीज दिसली की भाची मोजायला लागली. तीन सेकंदांना एक किलोमीटर. पंधरा, म्हणजे पाच किलोमीटर. नंतर नऊ. सहा आल्यावर आम्ही उघड्यावरून मुकाट्यानं गाडीत येऊन बसलो. वीस मिनिटं धो धो, मग लख्ख ऊन. "हत्तीचा पाऊस," काका म्हणाले. हस्त लागायला दोन दिवस होते, पण कोण वाद घालणार.

मंगळवार : नवीलतीर्थ

परतीच्या वाटेवर सौंदत्तीच्या बाजूनं वाकडी वाट केली. शनिवारी कणकुंबीत ओंजळीत मावलेली मलप्रभा इथं तांबड्या दगडाच्या डोंगराला मधोमध चिरून बाहेर पडते. त्या खिंडीतच धरण बांधलंय. नदी डोंगराला वळसा घालून सहज गेली असती, मग चिरत का गेली, हा प्रश्न मला पडला. याचं एक उत्तर असं की नदी डोंगराच्या आधीची. ती वरच्या कुठल्या तरी थरावरून वाहत होती, तो थर झिजला, खालचा कठीण कणा वर आला, तोवर तिचा मार्ग ठरून गेलेला. म्हणून तिनं कापत राहणं पसंत केलं.

धरणाच्या खाली चहाच्या टपरीवर मुनवळ्ळीचा एक शेतकरी भेटला. काका बोअरवाले होते हे ड्रायव्हरनं सांगून टाकलं आणि मग आम्ही हललोच नाही. त्याची चार एकर डोंगराच्या पायथ्याला, दोन बोअर कोरड्या गेलेल्या, तिसरीसाठी कर्ज काढायच्या बेतात. नारळ घेऊन पाणी बघणाऱ्यानं बांधाकडची जागा दाखवली होती. काका कानडीत विचारत गेले : पावडर कुठल्या रंगाची आली, किती फुटांवर पलटली, एक तास चालवून किती फूट गेलं. भाचीनं फोनवर नकाशा काढला, उपग्रहाच्या चित्रात त्याच्या रानातून तिरकी जाणारी एक रेघ दाखवली, तिच्यावर झाडं जरा जास्त हिरवी होती. भेग असावी, ती म्हणाली, या दगडात पाणी राहतं ते भेगेतच. काकांनी फोन डोळ्यांपासून लांब धरून बघितला. मग त्या माणसाला सांगितलं की आता कर्ज काढू नको, शिमग्यापर्यंत थांब, त्या रेघेवरच्या जुन्या विहिरीचं पाणी कधी आटतंय ते बघ, आणि मग मला फोन कर. नंबर त्यांनी चहाच्या बिलामागं लिहून दिला. नारळवाल्याला मात्र काही बोलू नको म्हणाले, तो त्यांच्या ओळखीतला निघाला.